दोन्ही मोठे उमेदवार नकोसे वाटतात, तेव्हा ७ मेला करायचं काय?

डिचोलीकर (धागाकर्ता) | २३ एप्रिल २०२४, रात्री ९.४०

लोकसभेचे अर्ज मागे घ्यायची मुदत काल संपली, म्हणजे यादी आता पक्की. उत्तर गोव्यात खरी लढत भाजपचे श्रीपाद नाईक आणि काँग्रेसचे रमाकांत खलप यांच्यातच. भाऊ (नाईक) १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेत. खलपभाई १९९६ साली मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) सिंह चिन्हावर पणजीतून लोकसभेत गेले आणि देवेगौडा-गुजरालांच्या काळात केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. मी शाळेत होतो तेव्हा भिंतींवर जी नावं रंगवलेली असायची, तीच आता माझ्या पोरीच्या मोबाईलवर येतायत.

आधीच सांगतो, दोघांशीही माझं वैर नाही. भाऊ साधा माणूस, लग्नाला येतो, बाराव्यालाही येतो. पण खासदार निवडताना माझ्या डोक्यात तीन प्रश्न असतात: खाणी, म्हादई नदीचं पाणी आणि जमीन. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लिजेस रद्द केल्यावर पुन्हा बंद. आमच्या वाड्यावर खनिज वाहणारा एक टिप्पर तेव्हापासून उभा आहे. टायर विकून झाले, खाली चिरे लावलेत. हौद्यात माती साचलीय आणि पावसाळ्यात तिथे टायकिळा उगवतो. मालकाच्या बायकोने एकदा त्याचीच भाजी केली होती. ह्या माणसाच्या दारात आता दोन्ही पक्षांचे लोक हात जोडून जातात आणि दोघेही म्हणतात, 'खाणी आम्हीच सुरू करणार.' तो दोघांनाही चहा पाजतो.

मतदान न करणाऱ्यांतला मी नाही. नाराजी उमेदवारांच्या वयावर नाही, चेहऱ्यावरही नाही. दिलेलं मत दिलं तिथे राहत नाही, हे माझं दुखणं आहे. २०१७ ला १७ आमदार काँग्रेसचे आले, १३ भाजपचे आणि सरकार बसलं भाजपचं. २०२२ ला निकालानंतर सहा महिने लोटतात न लोटतात तोच काँग्रेसच्या ११ पैकी ८ पलीकडे. आता हेच आमदार गळ्यात नवं उपरणं घालून लोकसभेसाठी मतं मागायला येतायत. अशा वेळी तुम्ही काय करता? नोटा (मशीनवरचं 'यापैकी कुणीही नाही' हे बटण)? घरी बसणं? की दगडापेक्षा वीट मऊ म्हणून एकाला देऊन मोकळं होणं?

---

पात्रांव_म्हापसा | २३ एप्रिल, रात्री १०.०२

मी काजूच्या बागेत जातो. हुर्राक (काजूची दारू) संपत आलाय, निवडणूक परत येईल.

---

खाजन | २३ एप्रिल, रात्री १०.३१

डिचोलीकर, तुमचं दुःख उत्तरेचं. आमच्या दक्षिणेत नावं जुनी नाहीत. भाजपने पल्लवी धेंपे यांना उभं केलं, गोव्यात लोकसभेला त्यांची पहिलीच महिला उमेदवार. काँग्रेसने विद्यमान खासदार सार्दिन यांना बाजूला सारून कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांना उमेदवारी दिली. म्हणजे 'तेच ते' ही तक्रार इथे चालत नाही.

तरी लोक खूश आहेत का? नाहीत. भाजपचे तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षं बूथ सांभाळतात. सावईकर, बाबू कवळेकर, दामू नाईक ही नावं सहा महिने चर्चेत होती. मग दिल्लीहून निरोप आला की महिला हवी. महिला द्यायलाच हवी, त्याला माझा विरोध नाही. पण प्रतिज्ञापत्रातली पती-पत्नीची मालमत्ता चौदाशे कोटींच्या घरात जाते, तेव्हा आमच्या कुंकळ्ळीतल्या महिला मंडळातल्या बाईला ती 'आपल्यातली' कशी वाटणार? तिकडे 'आप'ने फेब्रुवारीत वेंझी व्हिएगस यांचं नाव जाहीर केलं आणि आघाडीसाठी मागे घेतलं. तेही वरूनच. गोव्याच्या दोन जागा दिल्लीच्या पटावरच्या दोन सोंगट्या आहेत, कुठे सरकवायच्या ते दिल्ली ठरवते.

कॅप्टनबद्दल एवढं म्हणेन की कोळशाविरुद्ध, दुपदरी रेल्वेमार्गाविरुद्ध माणूस तिकीट मिळण्याच्या कितीतरी आधीपासून उभा होता. त्यामुळे मी नाराज असलो तरी माझं मत ठरलंय.

---

तिसरी_घंटा | २३ एप्रिल, रात्री ११.१५

लोकसभेला माझं हे पहिलंच मत. धाग्याच्या शीर्षकातच गोची आहे. 'दोन्ही मोठे' कशाला? यादीत रिव्होल्युशनरी गोवन्स आहेत ना! उत्तरेत मनोज परब, दक्षिणेत रुबर्ट परेरा. २०२२ ला सांत आंद्रेतून एक आमदार आला आणि तो अजून तिथेच आहे, कुठे पळाला नाही. मोठ्यांना कंटाळलात म्हणता आणि तिसऱ्याला दिलं की 'मत फुकट गेलं' म्हणता. मग कंटाळा करत बसा.

---

पात्रांव_म्हापसा | २३ एप्रिल, रात्री ११.२१

एकटा आहे म्हणून पळाला नाही. दोन तृतीयांश व्हायला सोबत कोण?

---

गावठी_वकील | २४ एप्रिल, सकाळी ७.५०

पात्रांव विनोद करतायत, पण कायदा उलट चालतो. एकटा आमदार असेल तर तोच शंभर टक्के. जितका विधिमंडळ पक्ष लहान तितकं जाणं सोपं, गोव्याच्या दुखण्याचं मूळ इथेच आहे.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हा एक तृतीयांश फुटले तरी चालायचं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली, पण परिच्छेद चार राहिला: दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण मान्य केलं तर अपात्रता नाही. उत्तर प्रदेशात दोन तृतीयांश म्हणजे शेकड्यांनी माणसं फोडायची. आमच्याकडे जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० भाजपमध्ये गेले. १४ सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८. आठ माणसं एका टेबलावर जेवायला बसतात.

२०१९ च्या त्या दहा जणांविरुद्धच्या अपात्रता याचिका सभापतींनी फेटाळल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच्या आधीच, जानेवारी २०२२ मध्ये, विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. कायद्यावर भरवसा उरला नाही म्हणून देवाला जामीन ठेवलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

---

सातेरी | २४ एप्रिल, दुपारी २.१५

मी शिक्षिका, दर निवडणुकीत माझी ड्युटी लागते. नोटाबद्दल आत बसून पाहिलेलं सांगते, कारण बाहेर लोकांचे फार गैरसमज आहेत.

नोटा आलं सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे. त्याआधी 'मला कुणालाच द्यायचं नाही' म्हणणाऱ्याला ४९-ओ नियमाखाली केंद्राध्यक्षांना तसं सांगावं लागे आणि ते १७-ए च्या नोंदवहीत त्याच्या नावासमोर लिहिलं जाई. खोलीत सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट बसलेले. गावात कोण असं करणार? दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याचं काम घेऊन त्याच पंचाकडे जायचं असतं! नोटाने एवढंच केलं की 'नको' म्हणणंही गुप्त झालं. हे लहान नाही.

पण त्याने निवडणूक रद्द होत नाही. नोटाला नव्वद टक्के पडले तरी उरलेल्यांत ज्याला जास्त तो खासदार. अनामत रक्कम वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता नियम केला की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. लोकसभेला तसं काही नाही.

मागे एका आजीने मतदान केंद्रात मोठ्याने विचारलं होतं, "बाय, सगळे नाकात म्हणपाचें बटण खंय आसा गो?" (सगळे नकोत म्हणायचं बटण कुठे आहे गं?) सगळे एजंट एकमेकांकडे बघायला लागले. आम्हाला पुठ्ठ्याच्या नमुन्यावर मशीन कसं चालतं एवढंच दाखवता येतं, कुठलं दाब ते नाही. सगळ्यांत खालचं, काळ्या फुलीचं बटण असं मी नमुन्यावर दाखवलं, जसं बाकीची दाखवते तसंच. आजी आडोशामागे गेली. बराच वेळ बीप वाजेना. मग वाजला. बाहेर येताना माझ्याकडे बघून हसली, पण काय दाबलं ते तिलाच माहीत.

आणि हो, घरी बसणाऱ्यांची नोंद 'नाराज' अशी कुठेच होत नाही. आमच्या हिशेबात तो मेलेला, परगावी गेलेला किंवा झोपलेला.

---

मुंबैकर_गोंयकार | २४ एप्रिल, रात्री ८.०५

माझं नाव अजून पेडण्याच्या यादीत आहे. कोकणकन्येचं तिकीट वेटिंगवर. एवढा खटाटोप करून 'कुणीच नको' दाबायला यायचं का?

---

डिचोलीकर | २४ एप्रिल, रात्री ८.४४

या हो, आंबे तरी खाऊन जाल.

सातेरीताई, प्रतिसाद फार कामाचा. परवा सुरतेत तर प्रश्नच मिटला. काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध. म्हणजे 'नको' म्हणायचं बटणही तिथल्या लोकांच्या हाती राहिलं नाही. नोटा उमेदवार मानला असता तर बिनविरोध झालंच नसतं.

---

गावठी_वकील | २६ एप्रिल, सायंकाळी ६.३०

डिचोलीकर, तुमच्याच मुद्द्यावर पुढची बातमी. शिव खेरा यांच्या याचिकेवर आज सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला नोटीस काढली. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द व्हावी, अशी मागणी आहे. ७ मेच्या आत काही होणार नाही, पण प्रश्न न्यायालयाच्या दारात गेला.

---

वळवईचो_वारो | २७ एप्रिल, सकाळी ९.१२

मराठीचा विषय कुणीच काढला नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तेव्हापासून 'मराठीलाही तो दर्जा देऊ' हे आम्ही प्रत्येक निवडणुकीत ऐकतोय. मगोचा सिंह असताना निदान कुणाकडे जायचं ते कळायचं, आता मगोच भाजपसोबत. माझ्यासाठी नाराजी म्हणजे हीच.

---

खाजन | २७ एप्रिल, सकाळी १०.४०

वाऱ्या, त्यावर आधीच चार धागे आहेत आणि चारही भांडणात संपलेत. इथे नको.

---

व्यवस्थापक | २७ एप्रिल, दुपारी १.००

पोर्तुगीज पासपोर्ट, 'भायले' (बाहेरचे लोक) आणि राज्यघटनेबद्दलच्या विधानावरचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. दोन काढून टाकले आहेत. कृपया विषयावर राहा.

---

तिसरी_घंटा | २७ एप्रिल, रात्री ९.२०

आज सांकवाळला पंतप्रधानांची सभा होती. घरच्यांसोबत गेलो होतो (बाबा भाजपवाले). परतताना बसमध्ये बाबांच्या मित्रांना विचारलं, उमेदवाराचं कुठलं आश्वासन आवडलं? एकाने सरळ सांगितलं, "उमेदवाराचं कोण ऐकतो रे, मत वर जातं." मला ते प्रामाणिक वाटलं. पण मग खासदार कशाला हवा? नुसतं चिन्ह ठेवा.

---

डिचोलीकर | २७ एप्रिल, रात्री १०.१०

पोरा, ह्यातच सगळं आलं. लोकसभेत ५४३ आणि त्यात आपले दोन. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हादईचं पाणी वळवायच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मंजुरी दिली. कर्नाटकाचे २८ खासदार, आपले दोन. दोघे कितीही चांगले असले तरी पक्षाच्या वर जाऊन बोलतील का? बोलले तर पुढचं तिकीट मिळेल का? म्हणून उमेदवाराकडे बघून मत देणाऱ्याची फसगत होते आणि पक्षाकडे बघून देणाऱ्याला आमदार फसवतो. दोन्हीकडून आपणच.

तरीही मला घरी बसणं पटत नाही. महाराष्ट्रात विलीन व्हायचं ('फूल') की वेगळं राहायचं ('दोन पानां'), हे गोव्याने १६ जानेवारी १९६७ ला नुसत्या मताने ठरवलं. 'दोन पानां' ३४ हजारांनी जिंकली. आमच्या घरात आजोबा फुलावर आणि आजी दोन पानांवर, दोघं एकाच बैलगाडीतून मत द्यायला गेलेली. ती पिढी मत म्हणजे दगडावरची रेघ समजायची. (वाऱ्याला हे उदाहरण आवडणार नाही, माहीत आहे.)

---

वळवईचो_वारो | २७ एप्रिल, रात्री १०.१६

नाही आवडलं. पण आजोबा शहाणे होते.

---

सातेरी | ७ मे, रात्री ११.५०

आत्ता साहित्य जमा करून घरी पोचले. पहाटे साडेपाचला मॉक पोल (चाचणी मतदान), सात ते सहा मतदान. घामाने १७-ए ची पानं हाताला चिकटत होती. टीव्हीवर सांगतायत, राज्यात ७६ टक्क्यांच्या आसपास. एवढी नाराजी असून एवढे लोक रांगेत! आमच्या केंद्रावर बायका पुरुषांपेक्षा जास्त.

लोक कंटाळलेत हे खरं, पण कंटाळून येतात. हे मला समजावून सांगा कुणीतरी. मी झोपते.

---

पात्रांव_म्हापसा | ८ मे, सकाळी ८.३०

मी पण गेलो होतो. सांगू नका कुणाला.

---

खाजन | ४ जून, सायंकाळी ७.२५

निकाल: दक्षिणेत कॅप्टन विरियातो १३,५३५ मतांनी. उत्तरेत श्रीपाद नाईक १,१६,०१५ मतांनी, सलग सहाव्यांदा.

आमच्याकडे एक गोष्ट झाली ती नोंदवून ठेवतो. नुवेचा आमदार काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेला, मंत्रीही झालेला. त्याच नुवेत काँग्रेसला भरभरून मतं. म्हणजे आमदार गेला, त्याच्यामागून मतदार गेले नाहीत. डिचोलीकर, मत टिकत नाही म्हणत होता ना?

---

तिसरी_घंटा | ४ जून, रात्री ८.००

परबांना पंचेचाळीस हजारांवर मतं आहेत. आता कुणी 'मतं फोडली' म्हणू नका. उत्तरेतला फरक लाखावर आहे, आमची सगळी मतं खलपांना घातली तरी भाऊच निवडून येतात. दक्षिणेत आम्ही असूनही काँग्रेस जिंकली. मग आम्ही कुणाचं नुकसान केलं?

---

मुंबैकर_गोंयकार | ४ जून, रात्री ८.४०

इंदूर बघितलं का? काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला तर नोटाला २,१८,६७४ मतं! आणि तरी भाजपचा उमेदवार दहा लाखांच्या वर आघाडीने खासदार. (वेटिंग शेवटपर्यंत सुटलं नाही, मी आलो नाही. ओरडू नका.)

---

डिचोलीकर | ४ जून, रात्री ९.१५

खाजन, नुवेचं मान्य. पण वकीलसाहेब, एक सांगा: दक्षिणेचा खासदार उद्या पलीकडे गेला तर? आमदारांसारखं?

---

गावठी_वकील | ४ जून, रात्री ९.५२

आमदारांइतकं सोपं नाही. खासदारासाठी विधिमंडळ पक्ष म्हणजे लोकसभेतला काँग्रेस पक्ष. आज त्यांचे ९९ आलेत, दोन तृतीयांश म्हणजे ६६. गोव्याचा एक खासदार आणखी पासष्ट जण कुठून गोळा करणार? म्हणजे लोकसभेचं तुमचं मत विधानसभेच्या मतापेक्षा कायद्याने जास्त सुरक्षित आहे. जायचंच असेल तर राजीनामा द्यावा लागेल आणि पोटनिवडणुकीत पुन्हा तुमच्या दारात यावं लागेल.

---

डिचोलीकर | ४ जून, रात्री १०.०१

मग विधानसभेलाही तसंच करा ना. जायचं तर राजीनामा द्या, लोकांना विचारा, मग जा. माझी सगळी तक्रार तिथेच मिटते.

---

पात्रांव_म्हापसा | ४ जून, रात्री १०.१८

तेही करून झालंय, पात्रांव. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे काँग्रेसच्या आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. एप्रिल २०१९ ला शिरोडा आणि मांद्रेत पोटनिवडणूक झाली. लोकांना रीतसर विचारलं. दोघेही निवडून आले.

---

सातेरी | ४ जून, रात्री १०.३३

शिरोड्यात फक्त ७६ मतांनी. आणि २०१९ ला गेलेल्या दहांपैकी २०२२ मध्ये तिघेच परत आले, तेही सांगा की.

---

पात्रांव_म्हापसा | ४ जून, रात्री १०.४०

७६ काय नि ७६ हजार काय, शपथ एकच घेतात. डिचोलीकर, तुमच्या टिप्परवाल्याने कुणाला दिलं ते विचारलंत का?

---

डिचोलीकर | ४ जून, रात्री १०.५८

विचारलं. म्हणाला, "दोघांनाही हो म्हटलंय."